आधी सिलिंडरची जागा ठरवा, शेगडी मग

*सप्रेम नमस्कार. आम्ही वर्सोवा कोळीवाड्यातले. आमची तीस फुटी फायबरची बोट आहे. आत डिझेल इंजिन, वर लहानशी केबिन. माझे मिस्टर, धाकटे दीर आणि दोन खलाशी संध्याकाळी निघतात, एक रात्र, कधी दोन रात्री बाहेर असतात. जेवण बोटीवरच होतं. सध्या केबिनमध्ये घरची जुनी दोन बर्नरची शेगडी आहे आणि शेजारी घरचाच मोठा सिलिंडर दोरीने बांधून ठेवलाय. मागच्या महिन्यात वाऱ्याने बर्नर विझला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दिरांना वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून ते बाहेर असले की माझा डोळा लागत नाही. नवी शेगडी घ्यायचं ठरलंय, पण घरात पाच तोंडं पाच दिशांना. दीर म्हणतात, कॅनवर चालणारी पोर्टेबल शेगडी घेऊ. एक खलाशी डोक्यावर बर्नर असलेला छोटा सिलिंडर आणून देतो म्हणतोय. सासरे म्हणतात, रॉकेलचा स्टोव्हच बरा होता. मुलगा इंडक्शन म्हणतो. मी काचेची एक शेगडी पाहून ठेवलीय, पुसायला सोपी. यातली कोणती घेऊ?*

*— एक वाचक, वर्सोवा*

ताई,

यातली कुठलीच नको. दोन बर्नरची, जाड स्टीलची, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घ्या आणि तिला 5 किलोचा सिलिंडर लावा. पण शेगडी आठवडाभराने आली तरी चालेल. केबिनमधला सिलिंडर मात्र बोट पुढच्या फेरीला निघण्याआधी बाहेर आला पाहिजे. पेटी तयार होईपर्यंत दोन-चार फेऱ्या घरचा डबा आणि थर्मासमधला चहा घेऊन गेले तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

इतकी घाई का, ते सांगते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. घरात तो जमिनीलगत पसरतो आणि दाराच्या फटीतून, मोरीतून हळूहळू निघून जातो. बोटीला दाराची फटही नाही आणि मोरीही नाही. तिचा तळ बंद असतो, कारण पाणी आत येऊ नये म्हणूनच ती तशी बांधलेली असते. त्यामुळे गळलेला गॅस पाण्यासारखा खाली उतरतो आणि इंजिनाच्या खणात, फळ्यांखाली, साचलेल्या पाण्यावर थर धरून बसतो. वर केबिनची खिडकी सताड उघडी असली तरी खालचा थर हलत नाही.

आता थोडा ढोबळ हिशेब बघा. एक किलो गॅस बाहेर आला की त्याचा चारशे लिटरहून जास्त वायू होतो. हवेच्या शंभर भागांत गॅसचे जेमतेम दोन भाग झाले की ते मिश्रण ठिणगीची वाट बघत असतं. म्हणजे पाव किलो गॅस तुमच्या केबिनएवढी जागा उडवायला पुरेसा आहे. घरगुती शेगडीचा बर्नर पूर्ण उघडा असला तर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जातो. विझलेला बर्नर दीड-दोन तास तसाच राहिला की पाव किलो झाला. आणि ठिणगी कुठून येणार म्हणाल तर इंजिनाचा स्टार्टर, बॅटरीची सैल क्लिप, पाणी उपसायच्या पंपाची मोटर, सगळं नेमकं तळातच. शेगडी विझलीय, सगळे जाळ्यात गुंतलेत, तासाभराने कुणीतरी सेल्फ मारतो. तुमच्या दिरांना वास आला तो प्रसंग इतक्या जवळून गेलाय.

म्हणून सगळ्यात आधी पेटी. सिलिंडरसाठी डेकवर, उघड्या हवेत, स्वतंत्र पेटी बनवून घ्या. बोटीचं फायबरचं काम करणारा तुमचा नेहमीचा माणूस एक-दोन दिवसांत करून देईल. पुढे सांगते ती दोन भोकं सोडली तर पेटीला खाली आणि चारी बाजूंना एकही भोक नको, वायर जायला नको, दोरी जायला नको. झाकण फक्त वरून उघडणारं. पेटीच्या तळाला सर्वांत खोल जागी निदान पाऊण इंचाचं एक भोक, आणि त्याला जोडलेली नळी थेट बोटीबाहेर समुद्रावर उघडणारी. सिलिंडर गळलाच तर गॅस त्या नळीतून आपला आपण खाली समुद्रावर सांडतो, बोटीत येत नाही. सगळ्या व्यवस्थेतली ही एक नळी सर्वांत महत्त्वाची आहे. तिचा उतार सलग हवा, मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि गॅसची वाट बंद होते. तिचं तोंड बोट भरलेली असताना, माल-बर्फासकट, पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. केबिनच्या खिडकीखाली किंवा इंजिनाला हवा जाते त्या तोंडाजवळ ते काढू नका. आणि वर्सोव्याला काय, भाऊच्या धक्क्याला काय, बोटी एकमेकींना घासून उभ्या राहतात, त्यामुळे तोंड चेपून बंद होणार नाही अशा जागी काढा. कारागिराला हे सगळं तोंडी सांगून सोडू नका. काम झाल्यावर पेटीत एक तांब्या पाणी ओता आणि ते सगळंच्या सगळं बाहेर पडतंय का, पेटीच्या कोपऱ्यातून एक थेंबही बोटीत उतरत नाहीये ना, ते स्वतः उभं राहून बघा. पाणी जिथून झिरपेल तिथून गॅस नक्की जाईल.

पेटीची जागा निवडताना मिस्टरांना विचारा की जाळं ओढताना दोर कुठून कुठे जातो. त्या वाटेत पेटी नको, दोराच्या झटक्याने झाकण उपटलं जातं. सिलिंडर उभाच राहिला पाहिजे. आडवा झाला तर वायूऐवजी द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि बर्नरवर हातभर ज्वाळा उठते. म्हणून पेटीत लाकडाचा किंवा रबराचा खाचा करून बूड बसवा आणि वर रुंद पट्टा आवळा. नुसत्या सुतळीवर लाट ऐकत नाही. पेटीला वरून पांढरा रंग द्या, उन्हात सिलिंडर तापू नये.

सिलिंडर 5 किलोचाच का, तेही सांगते. एक तर घरचा 14.2 किलोचा सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतो. धंद्याच्या बोटीवर तो नेणं नियमात बसत नाही, आणि काही झालं तर विम्याच्या वेळी हाच प्रश्न पहिला निघेल. दुसरं म्हणजे भरलेला मोठा सिलिंडर जवळपास तीस किलोंचा असतो. हलत्या बोटीत तो सुटला तर माणसाचा पाय मोडतो. 5 किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर, गॅस एजन्सीत किंवा काही पेट्रोल पंपांवर मिळतो. इंडेनचा ‘छोटू’ बहुतेकांना माहीत असतो, एचपीचा ‘अप्पू’ही त्याच जातीचा. चार माणसांचा भात, कालवण आणि दोन-तीनदा चहा मिळून दिवसाला तीन तास बर्नर चालला असं धरलं तरी आठ-दहा दिवस सहज निघतात. तुमच्या एका-दोन रात्रींच्या फेरीला दुसरा सिलिंडर बरोबर न्यायची गरजच नाही. फायबरचा कंपोझिट सिलिंडर मिळाला तर आणखी छान, तो गंजत नाही, वजनाला हलका आणि आत किती गॅस उरलाय ते बाहेरून दिसतं. लोखंडी घेतलात तर वरच्या कड्याखालच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात ते वाचून घ्या. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे आकडे वर्षाचे. ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत असते. मुदत उलटलेला किंवा बुडाला पापुद्रे सुटलेला सिलिंडर दुकानातच परत करा. रेग्युलेटर त्या सिलिंडरचाच घ्या, एजन्सीकडूनच. वडापावच्या गाडीवर भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर घरगुती शेगडीला कधीही लावू नका, कुणी कितीही म्हणालं की ज्योत मोठी येते.

आता शेगडी. दुकानात ‘फ्लेम फेल्युअर डिव्हाइस’वाली मागा, काही ठिकाणी नुसतं ‘एफएफडी’ म्हणतात. बर्नरच्या कडेला पेन्सिलीच्या टोकाएवढी एक धातूची काडी उभी दिसते. ज्योतीने ती तापलेली असते तोवर गॅसची वाट उघडी राहते, ज्योत विझून ती थंड झाली की अर्ध्या-एक मिनिटात वाट बंद. पेटवताना बटण दाबून पाच-दहा सेकंद धरावं लागतं. खलाशी पहिल्या दिवशी कुरकुरतील, धरून ठेवायला लावा. समुद्रावरच्या वाऱ्यात बर्नर विझणारच, त्यामुळे बोटीच्या शेगडीला ही सोय नसेल तर ती मला शेगडीच वाटत नाही. साध्या स्वस्त शेगड्यांमध्ये ती सहसा नसते. दोन दुकानं जास्त फिरावी लागली तर फिरा, लोहार चाळ-क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला गेलात तर एका फेरीत बरंच बघून होईल. दुकानदाराला तिथल्या तिथे पेटवून, फुंकर मारून विझवून दाखवायला सांगा. थोड्या वेळाने आतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला पाहिजे.

अंग 304 ग्रेडच्या स्टीलचं बघा, खाऱ्या हवेत हलकं स्टील एका हंगामात तांबडं पडतं. बर्नर पितळी. वर आयएसआयचा शिक्का. लायटरशिवाय पेटणारी बटणाची सोय असली तरी तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका, मिठाने ती पहिली बंद पडते. साधा लायटर आणि डब्यात कोरडी काडेपेटी, एवढं पुरे. तुम्ही पाहून ठेवलेली काचेची घरी आणा, वाटल्यास स्वयंपाकघरात वापरा, बोटीवर नको. तापलेल्या काचेवर थंड खारं पाणी उडालं किंवा वरून जड टोप आदळला तर ती तडकू शकते, आणि हलत्या डेकवर अनवाणी पायांखाली काचा ही गंमत नाही.

शेगडी बोल्टने पक्की करा. विलायती शिडाच्या बोटींवर झुलत्या चौकटीतली शेगडी असते, फोटोत तुम्ही पाहिली असेल. शिडाची बोट तासन्‌तास एका अंगावर कललेली राहते, तिच्यासाठी ते ठीक. आपली इंजिनाची बोट दोन्हीकडे भराभर डोलते, आणि गल्लीतल्या वेल्डरने बनवलेली झुलती चौकट वर जड टोप ठेवला की उलट जास्त हेलकावे खाते. त्यापेक्षा शेगडीच्या चारी बाजूंनी चार बोटं उंचीचा स्टीलच्या सळीचा कठडा करून घ्या, आणि टोप जागेवर दाबून धरणारे दोन सरकते चिमटे. रुंद कढई-परात सोडा, उभट टोप वापरा आणि तो निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. मला विचाराल तर बोटीवर कुकरसारखं भांडं नाही. झाकण घट्ट, उकळतं पाणी अंगावर येत नाही, गॅस अर्धा. कालवणही कुकरमध्ये होतं. तळण मात्र बोटीवर बंद. बोंबील घरी येऊन तळा. उकळतं तेल आणि लाट यांची गाठ पडली की काय होतं ते बघायची वेळ कुणावर येऊ नये.

शेगडीची जागा केबिनच्या आत नकोच. केबिनच्या मागच्या भिंतीला लागून, डेकवर, तीन बाजूंनी आडोसा आणि वर छोटं छप्पर केलं तर वारा अडतो आणि हवाही खेळते. तुमची बोट फायबरची आहे, आणि फायबर पेटलं की काळा विषारी धूर करत जळतं, म्हणून आडोशाला आतून स्टीलचा पत्रा मारा. पत्रा आणि फायबरमध्ये इंचभर हवा सोडा, नाहीतर पत्रा तापून मागचं फायबर करपतं. नायलॉनचं जाळं, दोर, थर्माकोलची पेटी, डिझेलचे कॅन, यातलं काहीही तिथून हात पसरला तर पोचेल इतक्या जवळ नको. स्वयंपाक करणाऱ्याला ज्योतीवरून हात न नेता सिलिंडरची चावी बंद करता आली पाहिजे. एवढं साधलं की विजेवर चालणाऱ्या महागड्या गॅस व्हॉल्व्हची तुम्हाला गरज नाही.

घरातल्या बाकीच्या सूचनांचंही उत्तर देते, कारण तुम्हाला घरी जाऊन बोलायचंय. दिरांची कॅनवाली शेगडी किनाऱ्यावर सहलीला ठीक आहे. तिचा कॅन बर्नरच्या अगदी शेजारी बसतो आणि चार माणसांचा मोठा टोप ठेवला की टोपाची धग खाली कॅनवर येते. कॅन तापून फुटू शकतो. शिवाय संपलेले कॅन मोठ्या सिलिंडरमधून भरायचे उद्योग सुरू होतात, ते जिवावर बेतणारे आहेत. खलाशाला प्रेमाने पण स्पष्ट नाही म्हणा. डोक्यावर बर्नर असलेले ते छोटे सिलिंडर बहुतेक ठिकाणी चोरून भरले जातात. त्यांची चाचणी कुणी केलेली नसते, भरताना वर रिकामी जागा सोडलेली असेलच असं नाही, आणि आग लागली तर चावी ज्योतीच्या खालीच. त्यात जड टोप वर ठेवला की सगळा डोलारा एका हेलकाव्यात कलंडणार. सासऱ्यांचं म्हणणं मी समजू शकते. रॉकेल तळात साचून उडत नाही, आणि त्यांच्या पिढीने त्यावर आयुष्य काढलं. पण पंपाच्या स्टोव्हचा भडका, गरम टाकीत रॉकेल ओतण्याची सवय आणि चांगलं रॉकेल मिळण्याची वानवा बघता आता मागे जाण्यात अर्थ नाही. मुलाला सांगा, इंडक्शनला दोन हजार वॅट लागतात. 12 व्होल्टच्या बॅटरीतून ते ओढायचे तर पावणेदोनशे अँपिअर जातात. भात शिजेपर्यंत इंजिन सुरू करायची आणि वायरलेसची वीज संपलेली असेल.

मुंबईच्या दारूखाना भागात जहाजं मोडून निघालेल्या मालात कधीकधी बोटीची देखणी शेगडी दिसते. तिच्याही मोहात पडू नका. तिचं जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक तोंड, आपल्याकडच्या दाबाचं असेलच असं नाही, आणि सुटे भाग मिळत नाहीत.

सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची गॅसची नळी हा भाग लोक शेवटच्या पन्नास रुपयांत उरकतात. आत तारेची जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि मध्ये एकही जोड नको. लांब अंतर असेल तर पेटी हलवा, नळी वाढवू नका. पेटीतून नळी बाहेर काढायची ती वरच्या कडेतून, आणि त्या भोकाला रबराची कडी बसवून फट बंद करायची. घासून घासून नळी त्या कडेवरच कापली जाते. दोन्ही टोकांना स्टीलची क्लिप. घरात ही नळी पाच वर्षांनी बदलतात. बोटीवर ऊन आणि मीठ असतं, तिथे मी दर दोन वर्षांनी बदलायला सांगेन. वाकवून पाहिली आणि बारीक भेगा दिसल्या तर दोन वर्षंही थांबू नका.

सिलिंडर बदलला की दर वेळी साबणाचं पाणी. वाटीत भांडी घासायच्या साबणाचा घट्ट फेस करा. चावी उघडा, शेगडीची बटणं बंद ठेवा, आणि रंगाच्या ब्रशने फेस रेग्युलेटरच्या बुडाला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि बटणांच्या मागे लावा. आधी काही दिसत नाही. मग कधी क्लिपच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा उठतो, फुगतो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा येतो. एवढीशी गळती नाकाला कळत नाही, विशेषतः डिझेल आणि मासळीच्या वासात. बुडबुडा दिसला की चावी बंद करा, क्लिप आवळा, रेग्युलेटरखालचा रबरी वॉशर बघा आणि परत फेस लावा. पेटती काडी लावून गळती शोधणारे अजून आहेत, त्यांना बोटीवर हात लावू देऊ नका.

रोजची शिस्त एकच. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरची चावी बंद करायची. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते, मग शेगडीची बटणं बंद. म्हणजे रात्रभर नळीत गॅसच नसतो. स्वयंपाक करणारा एकच माणूस ठरवा आणि चावीची जबाबदारी त्याचीच. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की कुणाचीच उरत नाही, हे तुम्हाला घर चालवताना ठाऊक आहेच.

आता केबिनबद्दल एक गोष्ट, जी मच्छीमारांच्या घरात फारशी बोलली जात नाही. थंडीत किंवा अवकाळी पावसात शेगडी उचलून आत नेतात आणि दार लावून घेतात. हवा अपुरी पडली की ज्योत निळ्याऐवजी पिवळी होते, टोपाचं बूड काळं पडतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, पाय लटपटतात. बोटीवरची माणसं म्हणतात, आज बोट लागली. ज्यांना आयुष्यात कधी बोट लागली नाही अशा दोघा-तिघांना एकदम लागत असेल, तर ती बोट लागणं नव्हे. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर हवेत यायचं, जो झोपलाय त्याला ओढून आणायचं. ऊब घेण्यासाठी केबिनमध्ये शेगडी पेटवणं कायमचं बंद. पैसे झाले की बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केबिनमध्ये डोक्याच्या उंचीला आणि गॅसचा अलार्म खाली, पण पाणी पोचणार नाही अशा जागी लावा. दोन्ही वेगळे असतात, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आणि वास आलाच तर? चावी बंद, विडी-सिगारेट समुद्रात. इंजिन सुरू असेल तर बाहेरून बंद करता येत असेल तरच करा. बंद असेल तर सुरू करू नका. कुठलंही विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, मोबाइलचा टॉर्चसुद्धा खणात नेऊन लावायचा नाही. सगळ्यांनी डेकवर वाऱ्याच्या बाजूला यायचं. झाकणं उघडून हवा खेळू द्यायची आणि हातपंपाने किंवा बादलीने तळ उपसायचा. बादलीने पाणी उपसतो तसा जड गॅसही उपसला जातो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. वास पूर्ण गेल्यावरही निदान अर्धा तास थांबायचं, कारण नाकाला त्या वासाची सवय होते आणि ते फसवतं. किनाऱ्यावर असाल तर गॅस गळतीसाठी 1906, समुद्रात अडचणीत असाल तर तटरक्षक दलाचा 1554. दोन्ही नंबर केबिनच्या दारावर रंगवून घ्या.

आग विझवायला 2 किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर ठेवा, पण शेगडीच्या डोक्यावर टांगू नका, पेटल्यावर तिथे हात जाणार नाही. केबिनच्या दाराबाहेर लावा. रेग्युलेटरपाशीच आग लागली तर ओलं जाड फडकं हाताला गुंडाळून आधी चावी बंद करायची. गॅस बंद न करता नुसती ज्योत विझवली तर गॅस सांडत राहतो आणि पुढचा भडका मोठा होतो. दोन्ही खलाशांना हे किनाऱ्यावर, बोट बांधलेली असताना, हाताने करून दाखवायला लावा. खलाशी बदलला की नव्यालाही.

खर्चाची काळजी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती असणार. सगळं एकदम जमत नसेल तर हा क्रम धरा. पेटी आणि तिची नळी आधी, त्यानंतर 5 किलोचा सिलिंडर, नवा रेग्युलेटर आणि सुरक्षा नळी, मग शेगडी, मग आग विझवायचा सिलिंडर, अलार्म शेवटी. 1 जूनला मासेमारी बंद होऊन बोट वर ओढली की शेगडी काढून घरी आणा. बर्नर गोड्या पाण्यात उकळून दातांच्या ब्रशने घासा, ज्योतीजवळची ती काडी मऊ फडक्याने पुसा, बोल्टना ग्रीस लावा. त्या दोन महिन्यांत सिलिंडर बोटीवर ठेवू नका. आणि नारळी पौर्णिमेनंतर शेगडी परत बसवाल तेव्हा फुंकर मारून तो ‘टक्’ आवाज पुन्हा ऐकून घ्या. मिठाने काडी खराब झाली असेल तर बटण सोडलं की ज्योत टिकत नाही. अशा वेळी लोक काडीपेटीचा तुकडा खोचून बटण दाबून ठेवतात. तसं कुणी केलेलं दिसलं तर शेगडी तिथेच थांबवा आणि काडी बदलून घ्या, तो छोटासा सुटा भाग आहे, शेगडी दुरुस्त करणारा बसवून देतो.